शेंगदाणा-किड्याच्या मॅडम

ज्या प्राध्यापिकेने समुद्रातल्या एका किड्यामागे तीस वर्षे घातली, तिच्या नावावर त्या किड्याविषयी एकही शोधनिबंध का नाही, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी हे लिहीत आहे. हा प्रश्न मी काढलेला नाही. दोन वर्षांपूर्वी मॅडम गेल्या तेव्हा महाविद्यालयात शोकसभा झाली. तिथे एका वक्त्याने आदराच्याच सुरात सांगितले, "मॅडम हुशार होत्या, पण हातून काही पुरं होत नसे." सभागृहात पाच-सहा माना हलल्या. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. खरे उत्तर ठाऊक असलेली दोन माणसे त्या सभागृहात होती, त्यांपैकी एक मी. मी उठलो नाही. म्हणून आता लिहितो.

प्रथम किड्याविषयी, कारण त्याच्यावाचून मॅडम समजणार नाहीत. शास्त्रीय वर्गीकरणात या प्राण्यांच्या गटाला सायपनक्युला म्हणतात. मराठीत रूढ नाव नाही. मॅडम 'शेंगदाणा-किडा' म्हणत. लांबी बोटाच्या पेरापासून वीतभरापर्यंत. गांडुळाच्या अंगावर असतात तसे खंड याच्या अंगावर नसतात. पुढचा भाग सोंडेसारखा असतो. ही सोंड तो बाहेर काढतो, तिच्या टोकाच्या तोंडाने चिखलातले कण खातो आणि जरा धक्का लागला की ती पुरती आत ओढून घेतो. मग हातात उरतो तो सोललेला, टणक शेंगदाणा. काही जातींच्या सोंडेवर बारीक वाकड्या काट्यांची कडी असतात, काहींच्या सोंडेवर काहीच नसते. जात ओळखण्याचा हा एक मोठा आधार. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हे प्राणी खडकांच्या भेगांत, मेलेल्या प्रवाळात, खाडीच्या चिखलात राहतात. त्यांना कोणी विकत नाही आणि ते कोणाला चावत नाहीत. त्यामुळे त्यांच्याकडे पाहणारेही फार थोडे.

आणि अशा प्राण्यावर काम करणाऱ्या मॅडम राहत होत्या छत्रपती संभाजीनगरात, गारखेड्यात. तिथून समुद्र म्हणजे बसने एक अख्खी रात्र.

मी त्यांच्या विभागात रुजू झालो तेव्हा आधीची सहा वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलेले होते. फळ्यावर तारीख लिहिल्याशिवाय मला बोलता येत नसे. हे पाहून मॅडमनी पहिल्याच आठवड्यात मला 'गुरुजी' हे नाव दिले. त्यात थोडी चेष्टा होती. पण त्या स्वतः माझ्यापेक्षाही कडक गुरुजी होत्या.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर त्यांनी कोकणातल्या एका बंदराचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक लावलेले असे. बाहेर एप्रिलचे ऊन, नळाला चार दिवसांनी पाणी, आणि मॅडम घड्याळाकडे पाहून म्हणणार, "आत्ता आपल्या किड्यांवर दोन पुरुष पाणी असंल." परीक्षेचे पर्यवेक्षण असो की विभागाची बैठक, हे वाक्य मध्येच येई आणि पुढचे काम जणू काही घडले नाही असे चालू राही.

त्यांच्या किरकोळ रजा अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आगेमागे असत. कारण साधे आहे. त्या दिवसांत भरती सर्वांत मोठी आणि ओहोटी सर्वांत खोल असते. एरवी पाण्याखाली राहणारा किनारा तेव्हाच उघडा पडतो. पण कार्यालयाला हे कोण सांगणार? एकदा हेडक्लार्कांनी रजेचा अर्ज हातात धरून मोठ्या संकोचाने विषय काढला.

"मॅडम, दर अमावास्येला रजा… लोकं बोलत्यात."

"काय बोलतात?"

"म्हणत्यात, मॅडमचं काहीतरी बाहेरचं हाय."

"मी पौर्णिमेला पण जाते की. तेव्हा काय म्हणतात?"

हेडक्लार्कांनी मान खाली घातली. "तेव्हा म्हणत्यात, उतारा टाकाया गेल्या."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी अर्ज परत घेतला आणि 'रजेचे कारण' या रकान्यात 'घरगुती' खोडून 'ओहोटी' असे लिहिले. त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्यांच्या प्रत्येक अर्जात तोच एक शब्द होता आणि तो मंजूरही होत असे.

वर्गात त्या पर्समधून एक करड्या रंगाचा मोजा काढत. मोजा हातात चढवून बोटे हलवायची, ही सोंड. मग त्याचे टोक आत ढकलत ढकलत मोजा अर्धा उलटा करायचा, ही सोंड आत गेली. "आता मला सांगा, मोजा असा मिटलेला असताना आतल्या टोकाला भोक हाय का ठिगळ, तुम्हाला दिसंल का?" मुले म्हणत, नाही. "मग न बघता लिहायचं नाय." या एका वाक्यासाठी तो सगळा खेळ असे. मुलांनी त्यांना 'मोजा मॅडम' म्हणावे हे ओघाने आलेच.

मिटलेला किडा हीच या अभ्यासातली मोठी अडचण. जिवंत किडा थेट अल्कोहोलमध्ये टाकला की तो घाबरून सोंड आत ओढतो आणि तसाच मरतो. मग काटे पाहायचे तर त्याला चिरावे लागते. म्हणून त्याला आधी समुद्राच्या पाण्यात ठेवून, त्यात मेंथॉलचे खडे टाकून, तासन्‌तास हळूहळू गुंगी आणायची असते. हे खडे पानवाल्याकडे मिळतात. ते आणण्याचे काम आमच्या प्रयोगशाळेच्या परिचराकडे होते. वयाने मॅडमच्या बरोबरीचे असलेले हे गृहस्थ शहागंजातले. त्यांना सारे मामू म्हणत. पानवाला त्यांना दर वेळी विचारी, एवढ्या खड्यांचे करता काय? मामूंचे उत्तर ठरलेले होते : "हमारे मॅडम कीड़े कू पान खिलाते. खाया की पाँव पसार के सोता."

मॅडमचे माहेर शेंद्र्याकडचे. अर्धी जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली होती आणि उरलेली त्यांचे धाकटे भाऊ पाहत. चिखल खणायची खुरपी त्यांनी तिथूनच आणलेली. भाऊ कधी विभागात आले की बरण्यांकडे पाहून म्हणत, "ताई, आपल्या शेतात गांडुळं लई हायेत. तिकडं मरायला कशाला जाती?" मॅडम म्हणत, "गांडुळाला विचारणारे लई झालेत रे. ह्यांना कोण हाय?"

त्यांचे दोन नियम मी रुजू झालो त्या दिवशी मला वहीत लिहून घ्यावे लागले होते. पहिला : चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी आणि बरणीच्या आत टाकावी, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेर चिकटवलेला कागद गळून पडतो. दुसरा : एका वेळी एकच बरणी उघडावी. पहिल्याचे कारण त्यांनी सांगितले होते. दुसऱ्याचे कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "प्राणी खोटं बोलत नसतो, गुरुजी. चिठ्ठी बोलते."

आता मूळ उत्तराकडे येतो.

बरण्यांतले अल्कोहोल उडते आणि काळे पडते. ते दरवर्षी बदलावे लागते. मॅडमच्या निवृत्तीला वर्ष उरले असताना ते काम माझ्याकडे होते. त्या दिवशी शनिवार होता. सासुरवाडीची मंडळी आली होती, त्यांना घेऊन दुपारी वेरूळला जायचे ठरले होते आणि दोन बरण्या शिल्लक होत्या. एकीत खडकाच्या भेगांतले किडे, दुसरीत एका खाडीच्या चिखलातले. दोन्हींतले किडे गुंगी देऊनही मिटलेलेच राहिलेले, जुन्या अल्कोहोलमुळे सारख्याच तपकिरी रंगाचे. मी दोन्ही बरण्या एकदम उघडल्या आणि एकाच पांढऱ्या ताटात, डावीकडे खडकाचे व उजवीकडे चिखलाचे, असे ओतले. तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला. प्रयोगशाळेत आवाज नीट येत नसे म्हणून मी एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात ताट घेऊन खिडकीपाशी गेलो. ताट आधी खाली ठेवायला हवे होते. ताट तिरके झाले. मधले दोन-तीन किडे सरकले. मी ते अंदाजाने आपापल्या बाजूला केले, बरण्या भरल्या आणि वेरूळला गेलो. लेणी फार सुंदर दिसत होती. ताटाचा विचार मनात एकदाही आला नाही.

मधल्या काळात खडकाच्या बरणीतले किडे प्रात्यक्षिकाला चिरून संपले. ते मुबलक मिळत, त्यामुळे त्यांची काळजी नसे. दिवाळीनंतर मॅडमनी चिखलाच्या बरणीतले किडे एकेक करून चिरायला घेतले. पहिले तीन बिनकाट्याचे निघाले, अपेक्षेप्रमाणे. चौथ्याच्या वेळी त्यांनी मला हाक मारली.

"गुरुजी, इकडं या. मी काय बघते ते विचारू नका. तुम्ही काय बघता ते सांगा."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सोंडेच्या आतल्या कातडीवर काट्यांची कडी होती, एकाखाली एक, स्पष्ट.

"काटे आहेत," मी म्हणालो.

"व्हय," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, पण त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि बसल्या.

याचा अर्थ सांगितला पाहिजे. खारफुटीच्या चिखलात राहणारी एक काटेरी जात जाणकारांना ठाऊक आहे. ही ती नव्हती. ही खडकाच्या भेगांत राहणारी जात होती, आणि ती उघड्या चिखलात सापडल्याची नोंद मॅडमच्या वाचनात कुठेही नव्हती. खडकाचा प्राणी चिखलात राहू लागला असेल तर कसा, काय खाऊन, सोंडेवरच्या काट्यांचा तिथे काय उपयोग, असे प्रश्न त्यातून उघडत होते. तीस वर्षांत मॅडमना प्रथमच जगाला सांगण्यासारखे काही सापडले होते आणि ते एका किड्यावर उभे होते.

मला ताट त्याच क्षणी आठवले. मी बोललो नाही. स्वतःशी म्हणालो, सरमिसळ झालीच असेल असे कुठे आहे?

मॅडमनी अकरा दिवसांत निबंध लिहिला. तो पाठवला गेला आणि काही महिन्यांनी स्वीकारल्याचे पत्र आले. प्राचार्यांनी बैठकीत ते वाचून दाखवले. निवृत्तीच्या सत्कारातच त्याची घोषणा करायचे ठरले. शेंद्र्याहून भाऊ पेढे घेऊन आले आणि हेडक्लार्कांना म्हणाले, "घ्या सायेब. ताईचा किडा छापून येतोय." हेडक्लार्कांनी दोन घेतले. मीही एक घेतला.

त्या आठवड्यात मॅडमच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांची वेळ होती, म्हणून त्यांचा तास मी घेतला. मोजा त्यांनी माझ्याकडे दिला होता. मी तो हातात चढवला, उलटा केला, सगळे त्यांच्यासारखेच केले. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे काटेवाले चिखलात पण राहतात का?"

"हो," मी म्हणालो.

तिने ते वहीत उतरवून घेतले.  शाळेत सहा वर्षे आणि इथे चार, इतक्या काळात मी वर्गात चुकीचे सांगितले नव्हते असे नाही. पण ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असल्यासारखी सांगितली, ती त्या दिवशी पहिल्यांदा. तिला 'ते वाक्य खोड, मला खात्री नाही' असे सांगून मी तास संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम मेजावर छपाईपूर्व प्रत तपासत होत्या. मामू काचा पुसत होते. मी सगळे सांगितले. त्यांनी मध्ये थांबवले नाही. मग प्रश्न विचारले, तोंडी परीक्षेत विचारावेत तसे.

"ताट एकच होतं?"

"एकच."

"मधी काही आडवं ठेवलं होतं?"

"नाही."

"सरकलेले परत लावले ते कशावरून?"

"अंदाजाने."

"बदल झाला हे नक्की आहे?"

"नाही."

"झाला नाही, हे?"

"तेही नाही."

"खडकाची बरणी?"

"प्रॅक्टिकलला संपली, मॅडम. ताडून बघायला काही उरलं नाही."

त्यांनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिले. 

"चार महिने, गुरुजी."

"हो."

"लई झाले."

याहून कठोर शब्द त्यांनी मला आधी वापरला नाही आणि नंतरही नाही. मी सुचवले की निबंध राहू द्यावा, खाली शंकेची टीप द्यावी. त्या म्हणाल्या, "टीप कोणी वाचत नसतं. पुढचा माणूस शंका सोडतो आन् किडा तेवढा उचलतो." संगणकाकडे वळून त्यांनी दोन ओळींचे पत्र लिहिले : नमुन्याच्या ठिकाणाविषयी शंका निर्माण झाल्याने निबंध मागे घेत आहे. पाठवण्याआधी मला वाचायला दिले. मी शुद्धलेखनाची एक चूक दाखवली, त्यांनी ती सुधारली आणि पत्र पाठवले.

बाहेर आल्यावर मामू माझ्यामागून आले. "बोल दिया, अच्छा किया सर," ते म्हणाले. "लेकिन पेढा नक्को खाना था."

पुढच्या अमावास्येला मॅडमनी अर्ज दिला. मी आणि मामूंनीही दिला. तिघांच्याही अर्जात कारण एकच होते. हेडक्लार्कांनी मुकाट्याने शिक्के मारले. त्या खाडीवर आम्ही तीन दिवस, दर ओहोटीला खणले. गुडघ्यांमुळे मॅडमना उकिडवे बसता येत नव्हते, म्हणून मामूंनी प्लॅस्टिकचे स्टूल नेले होते. पहिल्याच दिवशी ते मॅडमसकट चिखलात रुतले. आम्ही दोघे दोन्ही दंडांना धरून ओढत असताना मामू म्हणाले, "मॅडम, सोंड बाहर निकालो, नहीं तो कैसा खींचेंगे?" मॅडम इतक्या हसल्या की आम्हाला ओढणे थांबवावे लागले.

शिंपले वेचणारी एक बाई रोज आमच्याकडे पाहत असे. शेवटी ती जवळ आली.

"खाऊक बरे लागतत काय हे?"

"खाऊन बघितलं नाय अजून," मॅडम म्हणाल्या.

"मगे कित्याक खणतास?"

मॅडमनी हातातला किडा पाण्याच्या वाटीत ठेवला आणि सोंड बाहेर येईपर्यंत दोघी वाटीवर वाकून थांबल्या. सोंड आली तेव्हा ती बाई "अगे बाय माझे!" म्हणून मागे सरली आणि मग पुन्हा वाकली.

तीन दिवसांत सव्वीस किडे सापडले. सगळे बिनकाट्याचे. परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, "म्हणजे सरमिसळच झाली असावी."

"सव्वीस म्हणजे सव्वीस," मॅडम म्हणाल्या. "खाडी मोठी हाय. जे नाय सापडलं ते नायच, असं कुठं शिकवता तुम्ही?"

महाविद्यालयात त्यांनी 'नमुन्यात शंका निघाली' एवढेच सांगितले. भावाला काय सांगितले ते मला कळले नाही. सत्कारात त्यांच्या शिस्तीविषयी भाषणे झाली. आदल्या दिवशी त्यांनी चौथ्या किड्यासाठी नवी चिठ्ठी लिहिली होती : 'ठिकाण अनिश्चित. दोन बरण्यांची सरमिसळ शक्य. पुन्हा पाहावे.' मी म्हणालो होतो, "माझं नाव लिहा, मॅडम. चूक माझी आहे."

"चिठ्ठीवर जागा कमी असते," त्या म्हणाल्या. "तुमच्या नावानं किड्याबद्दल काही कळत नाय."

गुडघ्यांनी त्यांना पुन्हा किनाऱ्यावर जाऊ दिले नाही. मी पुढे चार वेळा गेलो. काटेरी किडा मला मिळाला नाही. चिखलात तो राहतो की नाही, हे आज मला ठाऊक नाही. मॅडमच्या नावावर निबंध का नाही, हे मात्र ठाऊक आहे : तो पूर्ण झाला होता, स्वीकारला गेला होता आणि माझ्या हातून बिघडलेल्या एका नमुन्यामुळे त्यांनी तो स्वतः मागे घेतला.

हे माझे म्हणणे झाले. किड्याविषयी मात्र माझ्या शब्दावर जाऊ नका. कोकणात गेलात तर अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आगेमागे, ओहोटीच्या वेळी, एखाद्या खाडीच्या तोंडाशी स्थानिक माणसाला विचारून चिखलात उतरा. हातभर खणा. चिखल चाळणीत धुऊन पाहा. शेंगदाण्यासारखे काही मिळाले तर समुद्राच्या पाण्यात, सावलीत ठेवा आणि सोंड बाहेर येईपर्यंत थांबा. घाई करू नका. मग भिंगातून सोंडेवर काटे आहेत का ते पाहा, जागा टिपून ठेवा आणि किडा होता तिथे परत सोडा. काटे दिसले तर जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना कळवा. दिसले नाहीत, तरीही कळवा.